नंदा खिल्लारे यांचे रिक्तमान

देवनळच्या एका खाणावळवालीला तडीपार करावं, असा प्रस्ताव प्रांताधिकारी रोहिणी हांडेसमोर आला, तेव्हा तिला आधी वाटलं की पोलिसांनी चुकून दुसऱ्याच कोणाची फाइल पाठवली आहे. या टेबलावर तिने आजवर वाळूचोर पाहिले होते, हातभट्टीवाले पाहिले होते, दुकानदारांकडून हप्ते उकळणारे पाहिले होते. एसटी स्टँडमागे भाकरी थापणारी, पन्नाशीला आलेली बाई पाहिली नव्हती.

फाइल बरोबर होती. नोटीस गेली आणि सुनावणीला नंदा खिल्लारे स्वतः आली. ठेंगणी, दणकट, हातावर जुन्या भाजल्याचे डाग. सोबत फरीदा मुजावर नावाच्या वकीलबाई होत्या.

"माझ्यावर तीन केसेस आहेत, ते मला माहिती आहे," नंदा म्हणाली. "एकीत मी सुटले. दुसरीत एका दारुड्याच्या अंगावर आमटी ओतली म्हणतात. ती ओतली, खोटं कशाला सांगू. तो माडीचा जिना चढत होता. तिसरीत हवालदाराला अडवलं म्हणतात. पण या केसेसचा निकाल कोर्ट लावील ना, मॅडम? गावातून घालवायचं ते कशापायी? मी काय केलं ते तर सांगा."

तिच्या या प्रश्नाचं सरळ उत्तर फाइलमध्ये नव्हतं. फाइलमध्ये एक आकडा होता.

नंदाच्या खाणावळीच्या माडीवर तीन खोल्या होत्या. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायका तिथे येऊन राहत. कोणी आठवडाभर, कोणी वर्षभर. त्या खाली भाजी चिरत, भाकरी करत आणि पुढचं काही ठरेपर्यंत थांबत. मग नवरे येत. कधी एकटे, कधी भाऊबंद घेऊन. शिव्या, दगड, फुटलेल्या काचा. आदल्या वर्षी अशाच एका हाणामारीत सोडवायला मध्ये पडलेला एक रिक्षावाला जिवानिशी गेला होता.

आकडा काढला होता 'जुळ्या देवनळ'ने. हे जुळं म्हणजे खऱ्या गावाची संगणकातली प्रतिकृती. विजेच्या खांबांवर बसवलेले ध्वनिग्राहक माणसांचे शब्द टिपत नसत. आवाजाची पट्टी आणि चढउतार यांवरून भांडण पेटलंय की वरात चाललीय, एवढंच ओळखत. त्यांची नोंद, मदत क्रमांकावर येणारे फोन, दवाखान्यात शिवलेल्या जखमा आणि कोणाचा मोबाइल कुठे होता याची माहिती, हे सगळं सतत त्या प्रतिकृतीत ओतलं जाई. त्यातून गावात कोण कोणाच्या जवळ आलं की काय घडतं, हे यंत्रणा शिकत गेली. मग ती गावाच्या हजारो प्रती चालवून बघे. प्रत्येक प्रतीतून एकच माणूस वजा केलेला. तो माणूस नसताना मारामाऱ्या जेवढ्या कमी होतील, तेवढं त्याचं 'रिक्तमान'.

हा नुसता संगणकाचा खेळ नव्हता. माणसं एरवीही गावाबाहेर जातात. लग्नाला, बाळंतपणाला, दवाखान्यात. अशा प्रत्येक गैरहजेरीत खऱ्या गावात काय झालं ते यंत्रणा आपल्या अंदाजाशी ताडून बघे आणि चुकलं तर स्वतःला दुरुस्त करे. नंदा बहिणीच्या ऑपरेशनसाठी महिनाभर बाहेर होती, तेव्हा देवनळमधल्या मारामाऱ्या जवळपास एक तृतीयांशाने घटल्या होत्या. यंत्रणेचा अंदाजही तोच होता.

"मला वाटलं होतं, पहिल्या नंबरावर एखादा गुंड येईल," पोलीस उपअधीक्षक संजीव राऊत म्हणाला. तो आणि रोहिणी पूर्वी पुण्याला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास एकाच अभ्यासिकेत करत. चारचौघांत तो तिला मॅडम म्हणे, एरवी रोहिणी. सुनावणीनंतर दोघं तिच्या दालनात चहा घेत बसले होते. "निघाली ही बाई. आणि दुसरा नंबर तिच्या बराच खाली आहे."

"मारायला येतात ते नवरे. त्यांना उचला ना."

"पंधरा-वीस जण आहेत. प्रत्येकाचं रिक्तमान नगण्य. एकाला घालवलं तर त्याच्या एकट्याच्या भांडणाएवढा फरक पडतो. सगळी भांडणं एकाच जागी येऊन मिळतात, ती जागा म्हणजे ही बाई. चाकाच्या आऱ्या एकेक करून काढत बसायचं की मधला तुंबा काढायचा?"

"कायद्यात बसतं का?"

"कायद्याचे शब्द वाच. माणसाच्या 'हालचाली किंवा कृत्ये' यांमुळे भीती, धोका किंवा इजा होत असेल तर. कृत्यांचं जाऊ दे. हालचाली तर तिच्याच आहेत ना?"

रोहिणीने पुन्हा ते कलम काढून वाचलं. शब्द तसेच होते. मेलेल्या रिक्षावाल्याची बायको दोनदा तिच्याकडे येऊन गेली होती. तिचा चेहरा आठवला. पोलिसांनी एक वर्ष आणि तीन जिल्हे मागितले होते. रोहिणीने सहा महिने आणि फक्त देवनळ तालुका दिला. कारणांमध्ये तिने तीन केसेस लिहिल्या आणि आकडा लिहिला. आपण अधिकार जपून वापरला, असं तिला सही करताना खरोखरच वाटलं.

नंदाच्या पायात कडं घातलं गेलं. तालुक्याच्या हद्दीत पाऊल पडलं की ते उपग्रहावरून पोलिसांना कळवणार होतं. माडीवरच्या बायका पांगल्या. कोणी माहेरी गेली, कोणी शहराच्या वसतिगृहात. चौघीजणी नवऱ्यांकडे परतल्या. मुजावरबाईंनी आदेशाविरुद्ध वर अपील केलं, पण त्याचा निकाल लागायच्या आतच मुदत संपत आली.

देवनळ शांत झालं. हे कोणी नाकारू शकत नव्हतं. स्टँडमागच्या गल्लीत दुकानं उशिरापर्यंत उघडी राहू लागली. दवाखान्यात टाके घालायला येणारे कमी झाले. रोहिणीला आधी शंका होती की मार आता घरात बसत असेल आणि तो मोजला जात नसेल. तिने राऊतला तसं विचारलं. त्याने आशा सेविकांकडून स्वतंत्रपणे माहिती घेतली. परतलेल्या बायकांच्या अंगावर नव्या जखमा नव्हत्या. घरांतून आरडाओरडा येत नव्हता. आकडा जिथे येईल असं यंत्रणेने सांगितलं होतं, तिथेच आला. बाहेरच्या जिल्ह्यांतून अधिकारी ही पद्धत पाहायला येऊ लागले आणि कलेक्टरांनी बैठकीत रोहिणीचं नाव घेऊन कौतुक केलं.

मग दुसरा प्रस्ताव आला. या वेळी दोन वर्षं आणि संपूर्ण जिल्हा.

सुनावणीसाठी नंदाला एका दिवसाची परवानगी मिळाली होती. ती वाळली होती. शेजारच्या जिल्ह्यात एका मंगल कार्यालयाच्या स्वयंपाकघरात ती पोळ्या लाटत होती. ती खुर्चीवर बसली तेव्हा साडीखालचं कडं टेबलाच्या पायाला लागून वाजलं.

मुजावरबाईंनी राऊतला एकच गोष्ट विचारली. "गेल्या सहा महिन्यांत माझ्या अशिलाने देवनळमध्ये काय केलं?"

"त्या देवनळमध्ये नव्हत्या," राऊत म्हणाला.

"म्हणजे कृत्य नाही. हालचाल?"

"तीही नाही. तोच तर पुरावा आहे. त्या नव्हत्या, म्हणून शांतता होती."

"म्हणजे मागच्या वेळी त्या होत्या म्हणून घालवलं, आणि आता त्या नव्हत्या म्हणून घालवायचं." मुजावरबाई रोहिणीकडे वळल्या. "मॅडम, दोन वर्षांनी पुन्हा हाच पुरावा येईल. त्या नव्हत्या आणि गाव शांत होतं. हे संपणार कधी? तडीपारी ही शिक्षा नाही. ती काही काळापुरती खबरदारी आहे. म्हणून तर कोर्टात गुन्हा शाबीत न होता ती देण्याचा अधिकार कायद्याने तुम्हाला दिला. पण त्यासाठी अट घातली. माणसाने काय केलं हे त्याला सांगायचं, आणि धोका आहे अशी तुमची स्वतःची खात्री पटली पाहिजे. तुमची. यंत्राची नव्हे."

राऊत म्हणाला, "यंत्राचा अंदाज खरा ठरल्यावर अधिकाऱ्याची खात्री पटायला हरकत काय?"

रोहिणीने फाइल मिटली. तिने सांगितलं की निर्णयाआधी आपण देवनळला जाऊन पाहणी करणार आहोत आणि दोन्ही बाजूंना बरोबर यायचं असल्यास यावं. राऊतने एक फौजदार पाठवला. मुजावरबाई स्वतः आल्या.

खाणावळीला कुलूप होतं. शेजारच्या साडी फॉल-पिकोच्या दुकानात मशीनवर एक तरुण बाई बसली होती. कोमल काळदाते. ती वर्षभर येऊन-जाऊन नंदाच्या माडीवर राहिली होती आणि आता नवऱ्याकडे, बालाजीकडे होती. फौजदाराला पाहून ती उठून उभी राहिली. रोहिणीने तिला बसायला सांगितलं आणि स्वतः स्टुलावर बसली.

"आता घरी कसं आहे?"

"बरं आहे, मॅडम."

"मारतात?"

"नाही."

"नंदाबाई गेल्यापासून एकदाही नाही?"

"पहिल्यांदा एकदा. मग नाही." कोमलने मशीनवरच्या साडीची घडी नीट केली. "आधी मी उलटून बोलायची. पगार मागितला की म्हणायची, देत नाही. माहेरी फोन करायचा तर करायची. वाढलंच तर निघून माडीवर जायचं, हे डोक्यात असायचं ना. त्यालाही माहिती होतं. म्हणून तो चिडायचा."

"आणि आता?"

"आता जायचं कुठे? पगार देते. फोन त्याच्याकडेच असतो. तो काही बोलला तर मी हं म्हणते. मग तो कशाला मारील?"

फौजदार रस्त्याकडे बघत उभा होता.

"हे तुम्ही माझ्यासमोर लिहून द्याल का?" रोहिणीने विचारलं.

कोमलने सुईतला दोरा ओढून पाहिला. "घरी कळेल?"

"कळेल."

"मग नको," कोमल म्हणाली आणि मशीन सुरू केली.

रोहिणी गाडीने परतली. गाव शांत का झालं हे तिला आता समजलं होतं. मोजण्यात चूक नव्हती. भांडण व्हायला दोन माणसं लागतात आणि त्यांतलं एक माणूस भांडायचं थांबलं होतं. ध्वनिग्राहकाला शांतता ऐकू येत होती आणि ती खरीच होती. ती कोणाच्या जिवावर उभी आहे, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आणि सहा महिन्यांपूर्वी ते विचारायचं काम आपलं होतं.

दुसऱ्या दिवशी राऊत भेटायला आला.

"पोरगी काय म्हणाली ते फौजदाराने सांगितलं," तो म्हणाला. "वाईट वाटलं. पण ती जिवंत आहे, रोहिणी. तिचं डोकं फुटलेलं नाही. तो रिक्षावालाही त्याच गल्लीत मेला होता, ते विसरू नको."

"नाही विसरले."

"मग? आकडा चुकीचा आहे का?"

"नाही. बरोबर आहे. नंदाबाई परत आल्या तर मारामाऱ्या वाढतील, हे मला पटलंय."

"मग सही का करत नाहीस?"

"कारण मारणार आहेत दुसरे. ती फक्त तिथे असणार आहे. संजीव, उद्या एखाद्याच्या घरावर दरोडा पडणार असं तुझ्या यंत्राने सांगितलं तर तू घरमालकाला गाव सोडायला लावशील का? त्यानेही दरोडा टळेल. आकडाही बरोबर येईल."

"घरमालकावर तीन केसेस नसतात."

"त्या केसेस त्याच नवऱ्यांच्या भांडणांतून झाल्यात. मी मागच्या वेळी त्या नुसत्या मोजल्या. वाचल्या नाहीत."

राऊत उठला. "तिला येऊ दे आणि कोणी मेलं, तर ते तुझ्या नावावर असेल. माझ्या अहवालात मी तसं लिहीन."

"लिही," रोहिणी म्हणाली. "खरंच आहे ते."

त्यानंतर तो तिच्याकडे चहाला आला नाही.

आदेश तिने स्वतः बसून टाइप केला. कलेक्टरांचा फोन येऊन गेला होता. त्यांनी थेट काही सांगितलं नाही. फक्त, या प्रयोगाकडे वरपर्यंत सगळ्यांचं लक्ष आहे, एवढं म्हणाले. आदेश लांबलचक नव्हता. त्यात तिने लिहिलं की रिक्तमानाचा आकडा बरोबर असल्याचं ती मान्य करते. पण एखादी व्यक्ती नसल्याने शांतता नांदते, यावरून ती व्यक्ती धोका निर्माण करते असं ठरत नाही. कायद्यातल्या 'हालचाली' म्हणजे ज्यांतून त्या व्यक्तीमुळे इतरांना धोका पोहोचतो अशा हालचाली. इतरांना जिचा राग येतो अशा व्यक्तीचं नुसतं असणं म्हणजे हालचाल नव्हे. एखाद्याला त्याच्या गावातून, रोजगारातून, माणसांतून उठवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला अपवाद म्हणून दिलेला आहे आणि त्याचा वापर सोयीसाठी करता येत नाही. शेवटी तिने असंही लिहिलं की पहिला आदेश देताना याच बाबी तपासायला हव्या होत्या आणि त्या तपासल्या गेल्या नाहीत.

हे शेवटचं वाक्य काढावं असं कार्यालयातल्या अव्वल कारकुनाने सुचवलं. तिने ते ठेवलं.

नंदाच्या पायातलं कडं निघालं. तिने खाणावळ उघडली आणि आठवडाही झाला नसेल, तोवर कोमल कपड्यांची पिशवी घेऊन माडीवर आली. तिच्यामागून आणखी दोघी. मग बालाजी काळदाते आपल्या चुलतभावांना घेऊन गल्लीत आला. दगडफेक झाली. दार अडवून उभ्या राहिलेल्या नंदाच्या खांद्यावर दगड बसला आणि गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या कपाळाला टाके पडले. जुळ्या देवनळच्या पडद्यावरचा मारामाऱ्यांचा आकडा चढायला लागला, जसा चढेल असं सांगितलं होतं तसाच.

रोहिणी दवाखान्यात गेली. नंदाचा हात झोळीत होता.

"तुम्ही म्हणाला असतात, तर मी लांबच राहिले असते," नंदा म्हणाली. "तिकडे पोळ्यांचे पैसे बरे मिळत होते."

"मग आलात कशाला?"

नंदाने तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "माझं घर आहे, मॅडम."

त्याच दुपारी रोहिणीने पोलिसांकडे गल्लीत मारहाण केलेल्या प्रत्येकाचा स्वतंत्र अहवाल मागितला. शांतता राखण्याचं बंधपत्र का घेऊ नये, अशा नोटिसा एकेकाच्या नावाने निघायच्या होत्या. राऊतकडून उत्तर आलं की एवढ्या नोटिसा बजावायला मनुष्यबळ नाही. तिने लिहिलं, असेल तेवढ्या मनुष्यबळाने बजावा. पहिल्या आठवड्यात दोन बजावल्या गेल्या. पुढच्या आठवड्यात चार. राऊत तिच्याशी बोलत नव्हता, पण खाणावळीच्या कोपऱ्यावर एक शिपाई उभा राहू लागला होता, आणि तो कोणाच्या सांगण्यावरून, हे तिने विचारलं नाही. काम हळू चाललं होतं, तरीही चाललं होतं. एकेक माणूस, एकेक दिवस, कोणी वकील घेऊन, कोणी आईला घेऊन.

बालाजी काळदाते एकटाच आला. इस्त्री केलेला शर्ट, कपाळावर गंध. पतसंस्थेत वसुलीला होता. नीट बोलत होता.

"मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. ती बाई गावात नव्हती तेव्हा आमच्या घरात कसलाही वाद नव्हता. कोमलला विचारा. मी हात लावला नव्हता. तुमच्या यंत्रातपण ते आलंय. ती परत आली आणि आमचा संसार मोडला. आता सांगा, दोष कोणाचा?"

"यंत्रात आलंय ते मला माहिती आहे," रोहिणी म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही गल्लीत गेलात. हातात काय होतं?"

"गल्लीत बरेच जण होते."

"बाकीचेही येणार आहेत, ज्याच्या त्याच्या तारखेला. आज तुमची तारीख आहे."

बालाजीने मागे वळून पाहिलं. दालनात आणखी कोणी नव्हतं. खिडकीशी बसलेला लघुलेखक बोटं कीबोर्डवर ठेवून वाट पाहत होता.

"माझी बायको मला न्यायची होती," बालाजी म्हणाला.

"ते नंतर सांगा. आधी हातात काय होतं ते सांगा."

त्याने दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले, मग खाली घेतले.

"दगड," तो म्हणाला.

लघुलेखकाने शब्द टाइप केला. रोहिणीने पुढचा प्रश्न विचारला.